गायकाच्या दोन ओळींमधला माणूस: एडी लँग

पिंपळपान७८

मंडळी, दोन महिने झाले, ठाणे ते भायखळा जाता-येता रोज एकाच माणसाला ऐकतोय. गंमत अशी, की ज्या रेकॉर्ड ऐकतोय त्यातल्या बऱ्याचशा त्याच्या नावावर नाहीतच. नाव बेसी स्मिथचं, बिंग क्रॉस्बीचं, रूथ एटिंगचं नाहीतर बॉस्वेल सिस्टर्सचं. हा आपला मागे बसून गिटार वाजवतो.

एडी लँग. खरं नाव साल्वातोरे मासारो. जन्म २५ ऑक्टोबर १९०२, फिलाडेल्फिया. घर इटालियन, वडील तारवाद्यं बनवायचे. पोराच्या हातात आधी व्हायोलिन आलं. शाळेतला दोस्त जो वेनुटी, तोही व्हायोलिनवाला. पुढे वेनुटीने व्हायोलिनच धरून ठेवलं आणि हा बँजो करत करत गिटारवर आला. या दोघांची जोडी जॅझच्या इतिहासात अजरामर आहे. पण त्यावर खंडीभर लिहून झालंय, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो. २६ मार्च १९३३ ला लँग गेला. वय अवघं ३०.

मला म्हणायचंय ते एवढंच. 'जॅझ गिटारचा जनक' म्हणून त्याचं नाव घेतात ते सोलोंसाठी. माझ्या मते तो सगळ्यात मोठा दिसतो गायकांच्या मागे. आपल्याकडे बैठकीत दोन ओळींमध्ये गवई श्वास घेतो, तेवढ्यात पेटीवाला एक छोटीशी जागा घेऊन गप्प बसतो ना? तसं. त्या काळात गिटारवर असं कोणी करत नव्हतं, कारण ते करता येण्याची सोयच नव्हती.

ती सोय झाली १९२५ मध्ये. तोवर रेकॉर्डिंग व्हायचं भोंग्यासमोर. भोंग्यात जोरात ओरडलं तरच तबकडीवर खाच पडायची. म्हणून बँडमध्ये ठेक्याला बँजो असायचा, त्याचा टणत्कार कुठूनही आरपार जातो. गिटार त्या भोंग्याला जवळजवळ ऐकूच यायची नाही. १९२५ ला कोलंबिया आणि व्हिक्टर या मोठ्या कंपन्यांनी मायक्रोफोन लावून विद्युत रेकॉर्डिंग सुरू केलं. एका मायक्रोफोनमुळे दोन माणसांची सोय झाली: एक, हळू आवाजात कानाशी बोलल्यासारखं गाणारा गायक आणि दुसरा, हळू वाजणारी गिटार. बिंग क्रॉस्बी आणि एडी लँग ही जोडी त्याच यंत्राच्या पोटी जन्मली म्हणा ना.

कोणकोणत्या गायकांबरोबर वाजवलंय याची यादी मोठी आहे, सवडीने टाकतो. तोवर कोणी ऐकलंय का इथे?

---

बेसुरा_बाळ्या

मी पयला!

वाचलं. छान आहे, पण जॅझ गिटारचा बाप चार्ली ख्रिश्चन ना भाऊ? आमच्या गिटारच्या क्लासात तर भिंतीवर त्याचाच फोटो होता.

---

अभ्यासू_अण्णा

बाळ्या, चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला १९३९ ला, तोही इलेक्ट्रिक गिटार घेऊन. तोवर लँगला जाऊन सहा वर्षं झाली होती. ख्रिश्चनने गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीने उभं केलं, हे मान्य. पण गिटार मुळात बँडमध्ये आली कशी, हा प्रश्न त्याच्या आधीचा. १९३० च्या आसपास अमेरिकेतल्या बँजोवाल्यांनी धडाधड गिटारी घेतल्या. सहा तारा जमेनात म्हणून काहींनी चार तारांची टेनर गिटार घेतली, म्हणजे बँजोची बोटं तशीच चालतील. हा बदल होण्यामागे लँगचा हात मोठा.

आणि पिंपळपान, एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, नाहीतर धागाभर चूक फिरेल. त्या काळात लँगशिवाय असं गिटार कोणी वाजवतच नव्हतं असं नाही. लॉनी जॉन्सन होता. लुई आर्मस्ट्राँगच्या 'हॉटर दॅन दॅट' मध्ये, डिसेंबर १९२७, आर्मस्ट्राँग निरर्थक अक्षरांत गातो आणि जॉन्सनची गिटार त्याला तुकड्या-तुकड्याने उत्तर देते. गायक आणि गिटारची जुगलबंदी म्हणाल तर ती इथे आहे, लँगकडे नाही.

---

पिंपळपान७८

अण्णा, मान्य, एकदम मान्य. पण तुम्ही 'जुगलबंदी' म्हणालात, त्यातच फरक आला. जॉन्सन तिथे आर्मस्ट्राँगच्या समोर उभा आहे. लँग गायकाच्या मागे असतो. मला दोन्ही आवडतात, पण दुसरं काम जास्त अवघड वाटतं.

शिवाय दोघे एकमेकांचे वैरी नव्हतेच. नोव्हेंबर १९२८ पासून त्यांनी नुसत्या दोन गिटारींच्या रेकॉर्ड एकत्र केल्या, ओके कंपनीसाठी. तिथे लँगचं नाव होतं 'ब्लाइंड विली डन'. हा गडी ना आंधळा, ना विली, ना डन. झालं असं, की त्या तबकड्या काळ्या गिऱ्हाइकांसाठीच्या वेगळ्या यादीत विकल्या जायच्या, 'रेस रेकॉर्ड्स' म्हणायचे त्यांना. तिथे गोरा इटालियन गिटारवाला कसा चालणार? म्हणून ब्लूजवाल्यासारखं (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं लोकसंगीत) वाटणारं टोपणनाव दिलं. ब्लाइंड लेमन जेफरसन, ब्लाइंड ब्लेक ही नावं तेव्हा खपत होतीच.

---

तिरकीट

धागा आवडला, वाचनखूण साठवली. मी तबल्यावर साथ करतो (हौशी, पण वीस वर्षं), त्यामुळे 'मागे बसणं' हा विषय जिव्हाळ्याचा. एक विचारायचंय. तो नेमकं करतो काय? 'जागा भरतो' हे ठीक, पण नुसत्या जागा भरणारा साथीदार गायकाला नकोसा होतो. आमचे गुरुजी म्हणायचे, मुखडा सांभाळ, मग हात चालव.

---

मांडवीकाठचा

तिरकीट, मी प्रयत्न करतो. पणजीत गिटार शिकवतो, लँगच्या काही रेकॉर्ड बसवायला बसलो होतो आणि बोटं मोडून घेतली होती.

पहिली गोष्ट उजवा हात. एका मात्रेला खालच्या जाड तारेवर मूळ स्वर, पुढच्या मात्रेला वरच्या तारांवर कॉर्ड (एकदम छेडलेले तीन-चार स्वर). धा धिं धिं धा म्हणा. हा तुमचा ठेका, तो कधी सुटत नाही. दुसरी गोष्ट, गायकाची ओळ संपते तिथे कॉर्ड थांबते आणि एकेका तारेवरून दोन-तीन मात्रांची एक ओळ खाली उतरते, बहुतेक वेळा जाड तारांकडे. ती जिथे संपते तो स्वर पुढच्या कॉर्डचा पाया असतो. म्हणजे जागा भरतानाच तो गायकाला पुढच्या ओळीचा स्वर हातात देतो. गायकाला शोधावा लागत नाही. हे ऐकणाऱ्याला कळत नाही, गाणाऱ्याला कळतं.

तिसरं, तो आवाज. त्याच्या गिब्सन गिटारीला तारा जाड होत्या आणि तारा लाकडापासून उंच. हाताला त्रास, पण प्रत्येक स्वर घंटेसारखा सुटा. आधी गोल भोकाची एल-४ वापरायचा, मग एल-५. एल-५ ला व्हायोलिनसारख्या एफ आकाराच्या खाचा आणि कोरून काढलेला वरचा फळा असतो, १९२२ च्या सुमारास लॉईड लोअर नावाच्या माणसाने आखलेली. बँडमध्ये ऐकू जावी म्हणूनच.

आणि हो, मध्येच तारेला अर्ध्यावर नुसता स्पर्श करून तो बासरीसारखा बारीक स्वर काढतो (हार्मोनिक). ते मात्र क्वचित. सारखं केलं असतं तर गिमिक झालं असतं.

---

तिरकीट

'पुढच्या ओळीचा स्वर हातात देतो'. वा! हे पेटीवाल्यांना दाखवायला हवं.

---

गारवा

मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही. पण धागा वाचून उत्सुकता वाटतेय. सुरुवात एकाच गाण्याने करायची तर कुठलं?

---

पिंपळपान७८

गारवा, एकच म्हणालीस तर बेसी स्मिथचं 'किचन मॅन'. ८ मे १९२९, न्यूयॉर्क, कोलंबिया. खोलीत फक्त तिघं: बेसी, पियानोवर क्लॅरेन्स विल्यम्स, गिटारवर लँग. ढोल नाही, तुतारी नाही. त्यामुळे गिटार स्वच्छ ऐकू येते.

बेसीला 'ब्लूजची सम्राज्ञी' म्हणायचे. आवाज असा, की भोंग्याच्या जमान्यातसुद्धा तिला मायक्रोफोनची गरज नव्हती. आता विचार कर, एवढ्या आवाजाच्या बाईमागे गिटार वाजवायची. जोर लावला तर तोंडघशी पडणार, दबकलं तर दिसणारच नाही. लँग जोर लावतच नाही. ती ओळ संपवते, शेवटचा शब्द खाली सोडते आणि त्या शब्दाच्या शेपटावर त्याचा पहिला स्वर पडतो, जणू तिने सोडलेली ओढणी कोणीतरी अलगद उचलून घेतली. पुढच्या ओळीला ती उभी राहते तेव्हा तो परत ठेक्यावर.

गाण्याचा विषय सांगतो, पण मुलं जवळ नसताना ऐक. :) एका श्रीमंत बाईचा आचारी काम सोडून चाललाय आणि बाईंचा जीव कासावीस झालाय. मग ती त्याच्या एकेका पदार्थाचं कौतुक करते. प्रत्येक पदार्थाचे दोन अर्थ. आपल्या लावणीवाल्यांना एका क्षणात कळेल असं. लिहिणाऱ्यांत अँडी राझाफ होता, फॅट्स वॉलरचा जोडीदार.

त्याच दिवशी याच तिघांनी आणखी दोन गाणी केली, 'आय'म वाइल्ड अबाउट दॅट थिंग' आणि 'यू'व्ह गॉट टू गिव्ह मी सम'. विषय तेच, आडपडदा आणखी कमी.

---

बेसुरा_बाळ्या

लगेच ऐकायला घेतलं आहे. अभ्यासासाठी.

---

शांत_किनारा

बेसीचं 'नोबडी नोज यू व्हेन यू'र डाउन अँड आउट' हे माझं सगळ्यात लाडकं. त्यातही हाच गिटारवाला आहे ना? त्याच महिन्यातलं आहे असं वाचलं होतं.

---

अभ्यासू_अण्णा

नाही. महिना तोच, मे १९२९, पण ते आठवड्यानंतरचं, १५ मे चं रेकॉर्डिंग. तिथे पियानोवर क्लॅरेन्स विल्यम्सच आहे, पण गिटार नाहीच. एड अ‍ॅलनचा कॉर्नेट (छोटी तुतारी) आहे, शिवाय फुंकून वाजवायची इतर वाद्यं. एकदा लक्ष देऊन ऐका, ज्या जागा लँगने घेतल्या असत्या त्या तिथे कॉर्नेट घेतो. दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली की साथीदार बदलला तर गायिका कशी बदलते ते कळतं. कॉर्नेटपुढे ती जास्त ताठ उभी आहे.

लँगच्या नावाने अशा खूप गोष्टी खपवल्या जातात. तेव्हाच्या लेबलांवर गायकाचं नाव ठळक, खाली 'ऑर्केस्ट्राच्या साथीने' एवढंच असायचं. वादक कोण हे नंतर ब्रायन रस्टसारख्या लोकांनी कंपन्यांची कागदपत्रं बघून, वादकांना विचारून, नाहीतर कानाने ओळखून लिहिलं. कानाने ओळखलेलं थोडं सबुरीने घ्यावं.

---

पिंपळपान७८

अण्णा, हे बरं केलंत. मीसुद्धा रूथ एटिंगबद्दल म्हणूनच हात आखडता घेतला. १९२७ नंतर तिच्या कितीतरी रेकॉर्डवर लँग आहे हे पक्कं, पण प्रत्येक गाण्याबद्दल शपथ घेणार नाही. एका स्वस्तातल्या सीडीवर तर 'गिटार: एडी लँग' असं छापलेलं होतं आणि ऐकतो तर पूर्ण गाण्यात एकही गिटार नाही! तीनशे रुपये गेले. कंपनीचं नाव घेत नाही, आता ती सीडी चहाच्या कपाखाली ठेवतो.

---

रेवा_फिलाडेल्फियाहून

अरे, हा धागा आज दिसला! मी याच गावात राहते, अकरा वर्षं झाली. दक्षिण फिलाडेल्फियात इटालियन बाजाराच्या बाजूला त्याचं मोठं भित्तिचित्र आहे. मी शंभर वेळा त्याच्यासमोरून गेले असेन, भाजीच्या पिशव्या हातात. कोणीतरी स्थानिक संगीतकार असेल असं समजून कधी नीट वाचलं नाही. काल पिंपळपानचा लेख वाचून मुद्दाम गेले. गिटार घेतलेला, केस मागे चापून बसवलेले, अगदी सज्जन बँक क्लार्क दिसतो.

नवरा म्हणाला, एवढा वेळ भिंतीकडे काय बघतेस. म्हटलं, लोकल ट्रेनमधल्या एका माणसाने पाठवलंय.

---

पिंपळपान७८

रेवाताई, दिवस सार्थकी लागला! फोटो टाका जमला तर.

वेळ मिळालाय तर यादीतली पुढची पानं उलगडतो. सगळं नाही, आवडीचं तेवढंच.

टेक्सास अलेक्झांडर. हे नाव तिरकीटसाठी. नोव्हेंबर १९२८ मध्ये लँग आणि लॉनी जॉन्सन दोघांनीही याच्या मागे वाजवलंय. हा माणूस शेतात काम करताना घातलेल्या हाकेसारखं गायचा. मात्रा मोजायचा नाही. ब्लूजचं कडवं बारा आवर्तनांचं (बार) म्हणून बांधलेलं असतं, ते याच्याकडे कधी साडेअकरा, कधी चौदा. मनाला येईल तिथे ओढायचा, मनाला येईल तिथे तोडायचा. भलेभले साथीदार त्याच्यापुढे हात टेकायचे.

---

तिरकीट

ओहो! म्हणजे ठेका धरायचाच नाही, गायकाच्या तोंडाकडे बघत बसायचं. आमच्याकडेही असे एक बुवा होते (नाव नको), ते समेवर आले की आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो, कोणाची सम धरायची म्हणून.

---

मांडवीकाठचा

बरोबर ओळखलंत. आणि हाच माणूस पुढच्याच वर्षी पॉल व्हाइटमनच्या भल्यामोठ्या ऑर्केस्ट्रात बसून कागदावर लिहिलेलं संगीत वाजवतो. अशी आख्यायिका आहे की व्हाइटमनच्या सगळ्या गाण्यांच्या खुणा लँगने एका व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे लिहून खिशात ठेवल्या होत्या. खरं-खोटं देव जाणे, पण ऐकून वाटतं खरं असेल.

---

पिंपळपान७८

आणि तो व्हाइटमनकडे होता म्हणूनच दोन गायक त्याच्या आयुष्यात आले.

पहिली मिल्ड्रेड बेली. तिचा भाऊ अल रिंकर बिंगबरोबर 'रिदम बॉइज' मध्ये गायचा. व्हाइटमनने तिला एका पार्टीत ऐकलं आणि थेट नोकरीच दिली. बँडबरोबर कायम गाणारी बाई तोवर जवळजवळ नव्हतीच. पण तिची पहिली रेकॉर्ड व्हाइटमनच्या नावाची नाही, ती 'एडी लँगचा ऑर्केस्ट्रा' या नावाने आली. ५ ऑक्टोबर १९२९, 'व्हॉट काइंड ओ' मॅन इज यू', होगी कारमायकलचं गाणं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाखाली वाजवलेल्या माणसाचं नाव इथे वर आहे आणि गायिकेचं लेबलवर नाही. उलटा न्याय!

दुसरा अर्थातच बिंग. त्यावर वेगळं लिहितो, जेवून येतो.

अवांतर: एमेट मिलर नावाचा एक विचित्र प्राणी पण ऐका. तोंडाला काळं फासून नाटकात गायचा (तो सगळा प्रकारच आज अंगावर येतो), आवाज मध्येच फुटून वर जायचा, कोंबड्यासारखा. जून १९२८ च्या त्याच्या 'लव्हसिक ब्लूज' वर डॉर्सी बंधू (जिमी आणि टॉमी, दोघे वादक) आणि लँग आहेत. वीस वर्षांनी हँक विल्यम्सने तेच गाणं तसाच आवाज फोडून गायलं आणि १९४९ मध्ये कंट्री संगीताचा राजा झाला. लँगच्या गिटारला कुठे कुठे पाय फुटले बघा.

---

बेसुरा_बाळ्या

कोंबडा ऐकला. मला माझं भविष्य दिसलं.

---

हिरवी_मिरची

+१ सगळ्यांना. अ‍ॅनेट हॅनशॉचा उल्लेख नाही झाला? १९२७ मध्ये तिच्या मागे वेनुटी, लँग, एड्रियन रोलिनी आणि व्हिक बर्टन असे चौघे होते. गाणं संपलं की ती 'दॅट्स ऑल' म्हणते ना, ते माझ्या लेकीला भारी आवडतं. आता वरणभात संपला की दोन्ही हात वर करून तेच म्हणते. रेकॉर्ड तीन मिनिटांत संपते, तिचा वरणभात अर्ध्या तासात.

---

पिंपळपान७८

हिरवी मिरची, क्या बात है! ती माझी राहिलीच होती. बॉस्वेल सिस्टर्सचंही उरकून घेतो. न्यू ऑर्लिन्सच्या तिघी बहिणी, १९३१-३२ च्या ब्रन्सविक कंपनीच्या रेकॉर्डवर डॉर्सी बंधूंबरोबर लँग आहे. गाणं चालू असताना मध्येच लय अर्धी करतात, मध्येच दुप्पट, आणि हा हसत हसत त्यांच्याबरोबर वळतो.

आता बिंग.

व्हाइटमनची नोकरी सुटल्यावर बिंग एकटा गाऊ लागला, रेडिओवर आणि ब्रन्सविकसाठी. १९३२ पर्यंत लँग त्याचा कायमचा साथीदार झाला होता. रेडिओ, रंगमंच, रेकॉर्ड, सिनेमा, सगळीकडे. दोघे एकाच वयाचे, एकत्र पत्ते कुटणारे. मे १९३२ मध्ये शिकागोत फ्रँकी ट्रमबावरच्या बँडबरोबर केलेलं 'सम ऑफ दीज डेज' ऐका. बिंग म्हटलं की ख्रिसमसचं संथ गाणं आठवतं लोकांना, इथे तो उड्या मारतोय आणि गिटार पायाखाली फळी धरून आहे.

पण मला दाखवायचंय ते वेगळंच. १९३२ चा 'द बिग ब्रॉडकास्ट' हा पॅरामाउंटचा सिनेमा. त्यात बिंग 'प्लीज' गातो आणि शेजारी लँग गिटार घेऊन. ध्वनी सोडा, नुसतं चित्र बघा. ज्याचं नाव लेबलवर येत नव्हतं तो इथे चौकटीत आहे. बोटं दिसतात. बिंग कुठेही ताणत नाही, बोलल्यासारखा गातो, कारण त्याला माहीत आहे की ओळ सोडली तरी खाली पडणार नाही.

(त्याआधी १९३० च्या 'किंग ऑफ जॅझ' मध्येही वेनुटीबरोबर तो थोडाच वेळ दिसतो, रंगीत चित्रपट आहे, तेव्हाच्या दोन रंगांच्या टेक्निकलरचा, लाल आणि हिरवट. पण तिथे ऑर्केस्ट्राची गर्दी आहे.)

---

शांत_किनारा

तो इतक्या लवकर गेला कसा?

---

पिंपळपान७८

घसा. आवाज कायम बसलेला असायचा, त्रास जुना होता. बिंगने आग्रह केला की टॉन्सिल काढून घे. सिनेमात त्याला बोलायच्या भूमिका मिळाव्यात हाही विचार त्यामागे होता असं सांगतात. न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो त्यातून उठला नाही. नेमकं काय झालं याच्या दोन-तीन कथा आहेत, मी त्यात पडत नाही. बिंगने ते आयुष्यभर मनाला लावून घेतलं म्हणतात.

---

तिरकीट

गायकाने साथीदाराच्या घशाची काळजी केली आणि... जाऊ दे.

---

अभ्यासू_अण्णा

एक मतभेद नोंदवून ठेवतो. पिंपळपान म्हणतात लँग सगळ्यात मोठा दिसतो गायकांच्या मागे. मी म्हणतो, ते त्याने वाद्यांच्या मागे शिकलं. ४ फेब्रुवारी १९२७ चं ट्रमबावर आणि कॉर्नेटवाल्या बिक्स बायडरबेकचं 'सिंगिन' द ब्लूज' घ्या. गायक नाही. ट्रमबावरच्या सॅक्सोफोनच्या खाली लँग जे करतो तेच पुढे बिंगच्या खाली केलं. कॉर्डचे स्वर सुटे करून पसरवणं, वाक्य संपलं की खाली उतरणं, सगळं तिथे आहे. गायक त्याच्यासाठी आणखी एक वाद्य होता.

---

पिंपळपान७८

अण्णा, अर्धं पटलं. पण सॅक्सोफोनला शब्द नसतात. 'किचन मॅन' मध्ये तो शब्द ऐकून वाजवतोय, चावट ओळीनंतरची जागा आणि साध्या ओळीनंतरची जागा एकसारखी नाही. यावर मी अडून बसणार.

---

मांडवीकाठचा

मी पिंपळपानच्या बाजूने. चावट ओळीनंतर तो थोडा उशिरा येतो. अर्धी मात्रा. जणू त्यालाही हसू आवरावं लागतंय.

---

अभ्यासू_अण्णा

रात्री हेडफोन लावून ऐकतो आणि सांगतो.

---

गारवा

मी ऐकलं! 'किचन मॅन', तीन वेळा. पहिल्यांदा नुसती खरखर ऐकू आली आणि ती बाई. दुसऱ्यांदा गिटार सापडली. तिसऱ्यांदा बाई सोडून गिटारच ऐकत होते. पण लॅपटॉपच्या स्पीकरवर लावलं होतं, आणि आई आत पोळ्या लाटत होती. बाहेर येऊन म्हणाली, आवाज काय खणखणीत आहे गं, काय म्हणतेय ती?

म्हटलं, आचारी सोडून चाललाय म्हणून रडतेय.

आई म्हणाली, रडणारच गं, चांगला आचारी मिळतो का हल्ली.